गाठीच्या वजनाबरोबर तिचे निदानही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णाच्या पोटातून अमुक किलोची गाठ काढल्याची बातमी आपल्यासह बहुतेक दैनिकांच्या जिल्हा पानावर अधूनमधून येते. शस्त्रक्रिया किती तास चालली, गाठ केवढी होती, डॉक्टरांचे अभिनंदन कोणी केले, हे सारे त्यात असते. गाठ नेमकी कशाची होती, एवढेच बहुधा नसते. यकृत, प्लीहा किंवा मूत्रपिंडात आढळणाऱ्या पाण्याच्या गाठींबाबत ही उणीव मला गंभीर वाटते, कारण सारख्या दिसणाऱ्या या गाठींचे उपचार अगदी वेगवेगळे असतात.

यकृतातील साधी पुटी (पाण्याने भरलेली पिशवी) त्रास देत नसेल, तर तिला हात लावण्याचे सहसा कारण नसते. अमिबामुळे झालेल्या गळवात ताप आणि वेदना असतात. ते बहुधा औषधाने बरे होते आणि गरज पडल्यास सुईने पू काढता येतो. तीच सुई पूर्वतयारीशिवाय हायडॅटिड गाठीत घातली आणि आतला द्रव पोटात सांडला, तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळून रुग्ण दगावू शकतो. त्यातून तो वाचला, तरी द्रवातील सूक्ष्म अळ्यांपासून काही वर्षांनी पोटात ठिकठिकाणी नव्या गाठी उभ्या राहतात.

ही हायडॅटिड गाठ म्हणजे एकायनोकॉकस या कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या जंताची अळी होय. सुमारे ७० टक्के रुग्णांत ती यकृतात आणि २० टक्क्यांच्या आसपास फुप्फुसात सापडते. प्लीहेत ती विरळाच आढळते आणि तेथेच निदान चुकण्याचा धोका अधिक, कारण जुन्या माराने झालेली किंवा जन्मजात पुटीही सोनोग्राफीत तशीच दिसू शकते. दुहेरी भिंत, आत पिल्लासारख्या लहान गाठी किंवा सुटून तरंगणारा पापुद्रा दिसला, तर ओळख पटते. रक्ततपासणीने मदत होते. मात्र ती निर्दोष आली म्हणून हा आजार नाहीच, असे म्हणता येत नाही. घरात कुत्रा आहे का, शेळ्या-मेंढ्यांशी संबंध येतो का, हे दोन बिनखर्चाचे प्रश्न मात्र गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात विचारायचे राहून जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीवरून या गाठींच्या पाच अवस्था ठरवल्या आहेत आणि उपचार त्यावर अवलंबून असतात. एकच पोकळी असलेल्या, पाच सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीला काही महिने अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध पुरे होऊ शकते (शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी एक गोळी येथे उपयोगाची नाही). त्याहून मोठी असल्यास, हेच औषध चालू ठेवून आणि ॲलर्जीवर उपचारांची सिद्धता ठेवून, सुईने द्रव काढून आत अळ्या मारणारे द्रावण सोडता येते. आत अनेक पिल्लगाठी असतील, तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. चुन्याने घट्ट झालेली, त्रास न देणारी गाठ नियमित सोनोग्राफी करत नुसती पाहत राहावी, असाच सल्ला आहे. अशा रुग्णाला ‘गाठ आहे, काढून टाका’ म्हणणे सोपे असते, आणि बातम्या वाचून रुग्णही तेच मागतो.

मटण खाल्ल्याने हा आजार होतो, हा समजही खोटा आहे. माणसाच्या पोटात जातात ती कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी, न धुतलेल्या हातांवाटे किंवा भाजीवाटे. आणि कुत्र्याला जंत मिळतो तो कापलेल्या शेळी-मेंढीची गाठी असलेली यकृते, फुप्फुसे त्याच्यापुढे टाकल्यामुळे. आइसलँडने एकोणिसाव्या शतकातच लोकांना हे समजावण्यास सुरुवात केली आणि कुत्र्यांना औषध देऊन, टाकाऊ अवयव जाळून-पुरून विसाव्या शतकात या आजाराचे उच्चाटन केले. आपल्याकडे पाळीव कुत्र्याला रेबीजची लस आठवणीने टोचतात, पण जंतावरील प्राझिक्वांटेल या औषधाची चौकशी फारसे कोणी करत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की अशी बातमी घेताना आपल्या बातमीदारांनी पॅथॉलॉजीचा अहवाल काय आला, हे डॉक्टरांना विचारावे. तो आलेला नसल्यास तसे नमूद करावे आणि आल्यावर दोन ओळींत छापावे. गाठ हायडॅटिड निघाली, तर रुग्णाची ओळख न देता तालुक्याचे नाव दिल्यास तेथील पशुवैद्यकीय दवाखान्यालाही त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, सातारा