ताई, त्या पाच अ‍ॅलोकेशनबद्दल आभार

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुम्ही कंपनी सोडलीत त्या दिवशी केक, फोटो आणि भाषणांच्या गडबडीत मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण त्या दुपारी तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या अनेकांच्या कामाचं आहे.

तो पार्सलांचा प्रोग्राम आठवतो ना? दिवसभर येणाऱ्या फाइली ओळीओळीने वाचायच्या, गावाचं नाव काढायचं आणि कुठल्या गावाला किती पार्सलं गेली ते मोजायचं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं माझं ते पहिलं मोठं काम. आकडे बरोबर येत होते, पण यादीत कऱ्हाड दोनदा दिसायचं. माझंच गाव, म्हणून लगेच नजरेत भरलं. कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून टाइप केलेलं, तर कोणी साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण बाइट मोजले तर एक 18 आणि दुसरं 21. मी सरसकट प्रत्येक नावावर रिप्लेस, म्हणजे एक अक्षरगट शोधून दुसरा घालणारं फंक्शन, चालवलं, कऱ्हाड एक झालं, आणि कोड तुमच्याकडे रिव्ह्यूला पाठवला.

तुम्ही चुकांची यादी पाठवली नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, "एका ओळीसाठी हीपवर किती वेळा जागा मागतेस? मोज बरं." हीप म्हणजे प्रोग्रामने चालता चालता जागा मागून घ्यायची मेमरी, आणि अशी एकेक मागणी म्हणजे अ‍ॅलोकेशन. मला वाटलं, एकदा. मोजलं तर पाच वेळा. ओळी वाचणारं लाइन्स प्रत्येक ओळीसाठी नवी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची स्वतंत्र प्रत, बनवत होतं. ओळ तोडणाऱ्या स्प्लिटचे तुकडे मी व्हेक्टरमध्ये, म्हणजे एका यादीत, गोळा करत होते. ट्रिमने कडेच्या मोकळ्या जागा काढल्यावर निव्वळ सवयीने टू-स्ट्रिंग, म्हणजे पुन्हा एक नवी स्ट्रिंग. रिप्लेस तर काहीही बदललं नाही तरी नवी स्ट्रिंगच हातात देतं. आणि गावागणिक आकडा ठेवणाऱ्या हॅशमॅपच्या एंट्रीला स्वतःच्या मालकीची की (इथे गावाचं नाव) लागते, म्हणून शेवटी क्लोन, म्हणजे आणखी एक प्रत. एक कोटी ओळी आल्या तर पाच कोटी वेळा जागा मागायची आणि तितक्याच वेळा परत करायची. कुठे किती वेळ जातो ते दाखवणारा प्रोफाइलर उघडल्यावर निम्म्याच्या आसपास वेळ जागा मागणाऱ्या मॅलॉक आणि परत करणाऱ्या फ्रीमध्येच जाताना दिसला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हे मोठमोठ्यांचं होतं. 2014 साली क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियमच्या अभियंत्यांनीच मोजून पाहिलं होतं की अ‍ॅड्रेस बारमध्ये एक अक्षर टाइप केलं की पंचवीस हजारांवर स्ट्रिंग तयार होऊ शकतात. कारणं बरीचशी माझ्यासारखीच: एका फंक्शनने स्ट्रिंग उघडी करून, म्हणजे नुसता तिचा पत्ता, द्यायची, पुढच्याने तिची पुन्हा नवी स्ट्रिंग बांधायची.

मग तुम्ही सातबाऱ्याचं उदाहरण दिलंत. ते मी आजही तसंच्या तसं सांगते. सातबारा म्हणजे जमीन नव्हे. जमीन कुठे आहे आणि किती आहे, एवढंच त्या कागदावर असतं. उतारा दहा जणांना दिला तरी जमीन जागची हलत नाही. रस्टचा स्ट्रिंग स्लाइस तसाच: सुरुवातीचा पत्ता आणि लांबी, 64-बिट मशीनवर 16 बाइट, बस. स्ट्रिंगकडे मात्र मालकी असते. पत्ता, लांबी आणि क्षमता मिळून 24 बाइट, शिवाय हीपवरची खरी अक्षरं वेगळी. "नाव फक्त वाचायचंय ना? मग जमीन कशाला विकत घेतेस?" हे तुमचं वाक्य. जमीन विकली गेल्यावर जुना उतारा दाखवून उपयोग नाही, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. सी++17 मधला स्ट्रिंग-व्ह्यू हा असाच उतारा, तो नेमका तिथेच दगा देतो, रस्टचा कंपायलर तसा कोड पुढेच जाऊ देत नाही.

त्यानंतरचा तासभर मला सगळ्यात प्रिय आहे. ओळ वाचायला एकच बफर ठेवला आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला क्लियर केलं. क्लियर केल्यावर लांबी शून्य होते, पण घेतलेली जागा हातातच राहते, म्हणून पुढची ओळ त्याच जागेत बसते. व्हेक्टर काढून टाकला, स्प्लिटमधून हवा तो तुकडा थेट उचलला. ट्रिम मुळात स्लाइसच देतं, त्यापुढचं टू-स्ट्रिंग पुसलं. मॅपमध्ये आधी गेट-म्यूटने स्लाइसवरूनच शोधलं, आणि गाव पहिल्यांदा भेटलं तरच की बनवली.

उरलं रिप्लेस, आणि तिथे तुम्ही मला काऊ (क्लोन-ऑन-राइट, म्हणजे गरज पडली तरच प्रत) शिकवलंत. जॉइनर असलेली नावं हजारात एखादी. मग फंक्शनने आधी बघायचं: जॉइनर नसेल तर आलेला स्लाइस तसाच उसना परत द्यायचा, असेल तरच नवी स्ट्रिंग बांधायची. दोन्ही गोष्टी एकाच प्रकारात मावतात. माझ्या गावाच्या नावासाठी मी बाकी सगळ्या गावांना कर लावला होता, तो तिथे उठला.

आपल्या लिपीचा मुद्दाही तुम्हीच काढलात. सी++च्या लायब्रऱ्यांमध्ये छोटी स्ट्रिंग हीपवर न जाता आतच मावते. जीसीसी या कंपायलरबरोबर येणाऱ्या लायब्ररीत ही मर्यादा 15 बाइट आहे. रोमन लिपीत सातारा सहा बाइट, आरामात बसतं. देवनागरीत यूटीएफ-8 ही अक्षरं साठवायची पद्धत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट घेते, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. त्यामुळे 'मुंबई' बरोबर 15 मध्ये बसते आणि 'सातारा' 18 होऊन थेट हीपवर जातो. रस्टच्या स्ट्रिंगमध्ये तर ही सोयच नाही, रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग हीपवर. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेऊन समाधान मानू नकोस, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मराठी डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर घ्यायला हवं असं मला वाटतं.

पुढच्या आठवड्यात मी अतिच केलं. सेटिंग ठेवणाऱ्या स्ट्रक्टमध्येही सगळीकडे स्लाइस आणि लाइफटाइम (उसना तुकडा किती काळ वैध ते सांगणाऱ्या खुणा) घातले, कोड वाचवेना. तुम्ही म्हणालात, "हे सुरुवातीला एकदा वाचलं जातं. राहू दे की स्ट्रिंग." जावाचा दाखलाही दिलात: तिथे पूर्वी सबस्ट्रिंग मूळ अ‍ॅरेच वाटून घ्यायची, त्यामुळे चार अक्षरांच्या तुकड्यापायी अख्खा मजकूर मेमरीत अडकून पडायचा. 2012 मध्ये जावा 7 च्या सहाव्या अपडेटपासून ती कॉपी करू लागली. कॉपी कधी करावी हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या दृष्टीने तेच जास्त कठीण होतं.

त्या दिवशी तुमचं स्वतःचं काम पडून होतं, संध्याकाळची बस चुकली, तरी तुम्ही उठला नाहीत. याचे आभार मी तेव्हा मानले नव्हते. आज मनापासून मानते.

तो बफर अजून चालू आहे. मागच्या महिन्यात एका बिघडलेल्या फाइलमध्ये नवी ओळ सुरूच होत नव्हती, सगळी फाइल एकच ओळ म्हणून आली आणि बफर फुगून तसाच राहिला. क्लियर जागा सोडत नाही हे आठवलं, लांबीची मर्यादा घातली, मोठा झालेला बफर पुन्हा आकसून घेतला. तुम्हाला दाखवायची फार इच्छा झाली.

आईने विचारलंय, कऱ्हाडला कधी येताय. प्रीतिसंगमावर संध्याकाळी छान वारा असतो. बस चुकली तर घर आहेच.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची