शाळेच्या सहलीत नांदेड का नसावे?

महोदय,

सहलींचा हंगाम आला की मराठवाड्यातल्या शाळांच्या एसटी वेरूळ, अजिंठा, दौलताबादकडे धावू लागतात. जरूर धावाव्यात. पण नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा इतका जवळ असून ‘ते पंजाबी लोकांचं’ म्हणून यादीतून गळतो. नुकताच तिथे जाऊन आलो आणि हे फारच खटकले.

शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये मोगल बादशहा बहादूरशहाच्या (औरंगजेबाच्या मुलाच्या) दख्खन मोहिमेबरोबर इकडे आले, नांदेडला मारेकऱ्याच्या हल्ल्यात जखमी झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी देह ठेवला. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, हा निर्णय त्यांनी दिला तो इथेच. गोदाकाठच्या माधोदास बैराग्याला बंदासिंग करून पंजाबात पाठवले तेही इथूनच. दोन वर्षांत त्याने तिथले मोगलांचे ठाणे सरहिंद जिंकले. आम्ही शाळेत असताना यातले फारसे काही कानावर पडले नव्हते.

आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. गुरूंवर अंत्यसंस्कार झाले ती जागा म्हणजे अंगीठा साहिब. तिथे त्यांची शस्त्रे जपली आहेत. तख्ताच्या स्नानासाठी आजही रोज गोदावरीतून घागर भरून आणतात. संध्याकाळी आरती होते, आणि आदिग्रंथाशेजारी (गुरू मानलेला ग्रंथ तो हाच) गोविंदसिंगांच्या नावाचा दसम ग्रंथही विराजमान असतो. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत सहसा न दिसणाऱ्या या रीती इथे टिकून आहेत.

शिक्षकांना माझे सांगणे वेगळेच आहे. ज्या ग्रंथापुढे तिथे माथा टेकवतात, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. नरसी आणि नांदेड एकाच सहलीत दाखवले, तर पाठ्यपुस्तकातले संत नामदेव पंजाबपर्यंत कसे पोहोचले, हे विचारायला मुलांना जागा मिळेल. एवढे दुसऱ्या कुठल्या सहलीत जमणार?

खर्चाची सबब तर चालणारच नाही, जेवण लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या मोफत पंगतीत, होते. डोके झाकायला प्रत्येकाकडे रुमाल हवा. होळीच्या सुमारास होला महल्ला हा शिखांचा उत्सव असतो, तेव्हा मात्र जाऊ नये. त्या गर्दीत पोरांची हजेरी घेता घेता गुरुजी हैराण होतील.

– एक वाचक, लातूर