आईनं पायऱ्या मोजल्या

शमे,

आधी पोटभर रागावून घे, मग वाच. तुझे चार व्हॉइस मेसेज ऐकले, चारही ऐकले गं, पण उत्तर देववेना. तू "कशी आहेस" विचारणार, मी रडणार आणि आवाज आईच्या खोलीत जाणार. म्हणून फोनच नको वाटायचा.

माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी सुरू झालीय, कंबर अधूनमधून धरते. तेवढंच.

मुद्दा वेगळाच आहे. गेला महिनाभर मी रोज सकाळी पर्वती चढतेय. आणि महिनाभर आईला सांगत होते की दूध आणायला जाते. दुधाच्या पिशव्या सहाला दाराच्या कडीला लटकलेल्या असतात, हे तिला माहितीये, तिला सगळं माहिती असतं, फक्त बोलता येत नाही. खरं सांगायला माझी जीभच रेटेना. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळं एका सकाळी गेलं तिचं, आणि तिच्यासमोर उभं राहून मी म्हणू, आई, जरा पाय मोकळे करून येते? पाय?

पहिल्या दिवशी अर्ध्या पायऱ्यांवरूनच परत फिरले. तेवढ्यात मावशींना दोन फोन झाले होते, कूस बदलली का, पेज घट्ट केलीत ना, पातळ झाली की तिला ठसका लागतो. मावशी म्हणाल्या, "ताई, जावा हो तुम्ही, मी बघते." तर मला त्यांचाच राग आला, म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही की काय! दुसऱ्या दिवशी त्या रागातच चढले. पाचव्या की सहाव्या दिवशी वर देवळाच्या कट्ट्यावर बसले होते, खाली पुणं धुक्यात बुडालेलं, आणि एकदम लक्षात आलं की मघापासून मला आईची आठवणच आली नाहीये. इतकं हलकं वाटलं शमे, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की धावत खाली आले.

मग मला ते गुरुवार आठवले. आईचं भजनी मंडळ, चार ते सहा. पोहे झाकून ठेवलेले, किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि आई गायब. एकदा मी ताप आलाय म्हणून दारात आडवी पडले होते, तर तिनं कपाळाला हात लावला, म्हणाली "नाटक आहे", आणि मला ओलांडून गेली! आली ती गुणगुणतच. शाळेतल्या पन्नास पोरांचा ताण, घरातली माणसं, सगळं ती त्या दोन तासांवर ओढायची हे मला आत्ता या वयात कळतंय.

तू मात्र तेव्हाच म्हणाली होतीस. राजगडच्या वेळी, आईला जरा कणकण होती म्हणून मी आदल्या रात्री येत नाही म्हटलं, आणि तू म्हणालीस, "काकू कधी भजन चुकवतात का?" मी दोन महिने बोलले नाही तुझ्याशी. तू बरोबर होतीस. (स्वेटर मात्र अजून तुझ्याकडेच आहे माझा, ते मी विसरलेले नाही.)

आता झालं काय ते ऐक. मंगळवारी मावशींचा खाडा होता, म्हणून मी घरीच. साडेसहाला आई डावा हात उचलून दाराकडे दाखवायला लागली. मला वाटलं पॉट हवाय. नाही. पाणी? नाही. चिडली. शेवटी बघते तर बोट माझ्या बुटांकडे. आणि मग म्हणाली, "एक." थांबली. "दोन. तीन."

स्पीच थेरपिस्टनी सांगितलंय की ठरवून बोलायचं वेगळं आणि पाठ झालेलं वेगळं, म्हणून "पाणी" म्हणता येत नाही पण शुभंकरोती सुरू केलं की पुढच्या ओळी येतात, आकडेही येतात. दादा म्हणतो फिजिओवाला व्यायाम करताना दहापर्यंत मोजून घेतो ना, तेच आलं तिच्या तोंडात. असेलही. पण दहावर थांबली नाही गं ती. तेवीसपर्यंत गेली, अडखळली, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. १०३ पायऱ्या, आठवतं? ऐंशीच्या पुढे आपली भांडणं व्हायची आणि ती वरून ओरडायची, "चुकलात, पुन्हा खालून!" आणि तू तिथूनच सारसबागेपर्यंत रिक्षा मिळेल का विचारायचीस.

दादाला हे कसं सांगू? त्यानं कधी मोजल्या नाहीत तिच्याबरोबर. तू सांग मला, ती पायऱ्याच मोजत होती ना? मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर डाव्या हातानं ढकललं मला, दाराकडे.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोराची दहावी कशी चाललीय? नागपुरात थंडी पडली असेल. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते पण कळव.

मावशी आल्यात कामावर. उद्या बूट घालायच्या आधी आईच्या पलंगाशी जाऊन सांगणार आहे, "आई, पर्वतीला जाते." रात्री दहानंतर फोन कर, उचलते.

तुझी,
मंजी