फी माफ झाली, व्याज कोण भरतंय?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र चालवतो. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, अंगठा घेणारं यंत्र आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढाच कारभार. उत्पन्नाचे दाखले, रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर, पीकविमा आणि निकाल लागले की कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. जीआर तुमच्याकडे निघतो आणि त्याचं पुढे काय होतं ते माझ्या काउंटरवर दिसतं, म्हणून लिहितोय.

८ जुलै २०२४ चा तुमचा जीआर मला तारखेसकट पाठ आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के शासन भरणार. आधी निम्मी मिळायची. त्या आठवड्यात त्या जीआरच्या किती झेरॉक्स काढल्या याचा हिशेब नाही. बाप माणसं तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवायची आणि कॉलेज गाठायची, जसा काही चेकच खिशात आहे.

त्यातल्या एकाचं सांगतो. तीन एकर कोरडवाहू. मुलगी हुशार, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. फी एक लाखाच्या आसपास. कॉलेजच्या खिडकीवर त्याने जीआर काढून दाखवला. आतला माणूस वाईट बोलला नाही. म्हणाला, "काका, जीआर बरोबर आहे. पण तो शासनाचा आणि आमचा व्यवहार. आत्ता तुम्ही भरा, शासनाकडून आले की तुम्हाला परत." बरीच रदबदली झाल्यावर पन्नास हजारांवर आलं. बाकीच्या रकमेसाठी पुढच्या तारखेचा चेक आणि बाँडवर हमीपत्र, की शासनाकडून पैसे आले नाहीत तर मी भरीन. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला, तेव्हापासून असलं हमीपत्रही महागलं.

पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नका, असं तुमच्याच खात्याने कॉलेजांना बजावलं होतं, ते मला माहीत आहे. त्या कॉलेजलाही माहीत होतं. म्हणून पावतीवर 'फी' लिहिलेलं नव्हतं, 'अनामत' लिहिलेलं होतं.

आता हे पन्नास हजार आले कुठून ते बघा. प्रवेश होतात जुलै-ऑगस्टमध्ये. आमच्याकडे जूनमध्ये पेरणी. बियाणं, खत, फवारणी यात घरातला होता नव्हता तो पैसा जमिनीत गेलेला असतो. सोयाबीन हातात येतं दसरा-दिवाळीला. म्हणजे वर्षभरात ज्या दोन महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात दमडी नसते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत कॉलेज पैसे मागतं. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण कुणी कधी त्याच्याकडे पाहिलेलंही नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर त्याच्या बराच खाली माल जात होता. हमीभावाने धरलं तरी पन्नास हजार म्हणजे सव्वादहा क्विंटल. तीन एकरातलं निम्मं पीक, तेही अजून फुलोऱ्यात नसलेलं.

मग आडत्याकडून उचल, नाहीतर बायकोची बोरमाळ, नाहीतर गावातला खाजगी माणूस. सावकारीचा कायदा २०१४ पासून आहे हे मलाही ठाऊक आहे, त्याच्या परवान्याचे कागद मीच टाईप करतो. पण रात्री आठ वाजता पन्नास हजार देणारा माणूस परवाना दाखवत नाही, दर सांगतो. शेकडा तीन, महिन्याला. या माणसाने ऑगस्टमध्ये उचलले. मुलीच्या फीचे पैसे सरकले ते पुढच्या जूनमध्ये. दीड हजार महिन्याप्रमाणे दहा महिने, पंधरा हजार रुपये. साहेब, त्या मुलीची फी शासनाने शंभर टक्के माफ केली, तुमच्या आकड्यांत ती लाभार्थी म्हणून मोजली गेली असणार आणि ते खोटं नाही. फक्त शासनाला दहा महिने वापरायला पैसे तिच्या बापाने दिले आणि त्याचं व्याजही त्यानेच भरलं.

तुम्ही म्हणाल, बँका आहेत. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, मार्जिन लागत नाही, असा नियम आहे. नियम मी छापून देतो. मॅनेजर सहकर्जदार म्हणून बापाचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बघतो आणि बापाचं पीककर्ज थकलेलं असतं. विषय संपला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी आणली, चांगली आहे, पण ती देशभरातल्या निवडक वरच्या संस्थांपुरती, सुरुवातीला ८६०. आमच्या पोरांना जिथे नंबर लागतो ती कॉलेजं त्या यादीत सहसा नसतात.

आता अर्जाचं. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल, २०१७ साली सुरू झालं तेव्हा त्या वर्षी पोर्टल इतकं अडलं की शेवटी ऑफलाइन अर्ज घ्यावे लागले. त्यानंतर सुधारणा झाल्या, नाही म्हणणार नाही. पण अर्ज भरला म्हणजे काम झालं असं होत नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग वरच्या कार्यालयात. तिथे 'अंडर स्क्रुटिनी' एवढे दोन शब्द महिनोन्महिने तसेच. काहीतरी खुट्ट झालं की 'सेंड बॅक'. दाखल्यावर आईचं नाव आहे आणि मार्कमेमोवर नाही, सेंड बॅक. गॅप सर्टिफिकेट अंधुक स्कॅन झालं, सेंड बॅक. ते कळवणारा मेसेज जातो मुलाच्या मोबाईलवर, ज्याचा रिचार्ज संपलेला असतो. पंधरा दिवसांनी कळतं तोवर मुदत गेलेली, मग मुदतवाढीची वाट. आणि मंजूर झालं तरी पैसे खात्यात पडतीलच असं नाही, कारण आधार सीडिंग, म्हणजे आधारला खातं जोडणं, भलत्याच बँकेला झालेलं असतं. जनधनच्या लाटेत आजोबांनी नातवाचं खातं कुठल्या बँकेत काढलं होतं, ते घरात कुणाला आठवत नाही, पैसे मात्र बरोबर तिथे जातात.

काही योजनांचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, काहींचे कॉलेजच्या. अनुसूचित जातीच्या मुलांना केंद्राचा साठ टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात, राज्याचा चाळीस टक्के वेगळा, आणि दोन्ही एका दिवशी येतील तर शपथ. त्यांचं खातं सामाजिक न्याय, ओबीसींचं बहुजन कल्याण, आदिवासी मुलांचं आदिवासी विकास, ईबीसीचं, म्हणजे खुल्या गटातल्या आर्थिक मागासांचं, तुमचं. बापाला विचारलं तर तो एकच सांगतो, "सरकारचं." त्याच्या दृष्टीने सरकार एकच आहे आणि मला तर त्याचंच बरोबर वाटतं.

माझा खरा प्रश्न याहून साधा आहे. हा दुसरा अर्ज मुळात कशाला?

कॅप राउंडला बसताना मुलगी सीईटी सेलला, म्हणजे प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, सगळं देऊन मोकळी झालेली असते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, डोमिसाईल, मार्कमेमो. सुविधा केंद्रावर किंवा ऑनलाइन छाननीत ते तपासून झालेलं असतं. तिची जागा कुठली, कोटा कुठला, कॉलेज कुठलं, हे शासनाला तिच्या बापाच्या आधी माहीत असतं. त्या कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते, त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. म्हणजे कोण, कुठे, किती, तिन्ही गोष्टी शासनाच्याच हातात. तरीही ती मुलगी तेच कागद घेऊन महिनाभराने माझ्या दुकानात येते आणि मी ते पुन्हा स्कॅन करतो. जागा मिळाल्याचं पत्र आणि फी मंजुरीचं पत्र एकच का नसावं? उत्पन्नाचा दाखला कॅपलाच घ्या, आधार तिथेच जोडा, बँक खातं तिथेच तपासा. मुलगी कॉलेजात हजर होईल त्या दिवशी तिच्या नावावर शासनाचं देणं लागू द्या, आणि ते कॉलेजकडे. पुढच्या वर्षी निकाल विद्यापीठाकडे असतोच, नूतनीकरणासाठी तिला पुन्हा रांगेत उभं करायची गरज काय?

कॉलेजवाल्यांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १९८३ साली वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, तेव्हापासून ही कॉलेजं फीवरच चालतात. शासनाकडचे पैसे अडकले की त्यांच्याही प्राध्यापकांचे पगार थकतात. लहान गावातल्या संस्थेला दुसरा आधार नसतो. पण ते शासनावर जोर करू शकत नाहीत, म्हणून ज्याच्यावर चालतो त्याच्यावर करतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉल तिकीट अडवून धरतात. टीसी देत नाहीत. मुलगी फोन करते, रडत नाही, हळू आवाजात विचारते, "काका, स्टेटस बघता का?" मी बघतो. 'अंडर स्क्रुटिनी'. अशा वेळी स्टेटसचा स्क्रीनशॉट प्रिंट करून, त्यावर दुकानाचा शिक्का मारून द्यायला सांगतात मुलं. माझ्या शिक्क्याला कायद्याने काही किंमत नाही, तरी मी मारतो. कधीकधी त्याच्यावर हॉल तिकीट मिळतं!

म्हणून मागणी उशिराच्या बाबतीत आहे. शासनाने ठरलेल्या तारखेला पैसे दिले नाहीत तर व्याज शासनाने कॉलेजला द्यावं, आणि शासनाच्या थकबाकीसाठी विद्यार्थ्याचं हॉल तिकीट, निकाल किंवा टीसी अडवता येणार नाही, असं जीआरमध्ये स्पष्ट लिहा. 'अनामत', 'तात्पुरती रक्कम', 'समायोजन ठेव' ही सगळी नावंही त्यातच लिहून टाका. नाहीतर नवीन नाव शोधायला आठवडा लागत नाही.

आणि माफ काय होतं तेही नीट सांगा. शिक्षण फी आणि परीक्षा फी, एवढंच. विकास शुल्क, जिमखाना, ग्रंथालय, विमा हे बापाने भरायचं. पावतीवर एक 'अश्वमेध' नावाचं शुल्क असतं. ते विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांचं आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एका आजोबांनी मात्र गंभीरपणे विचारलं होतं, "घोडा कुणाचा सोडलाय?" त्याहून वाईट गत खाजगी विद्यापीठात गेलेल्यांची. निकालाच्या सुमारास आमच्या बसस्टँडसमोर त्यांचे फलक लागतात, एजंट घरोघर जातात, आणि "मुलींना फी माफ" हे वाक्य हवेत असतंच. स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठं या योजनेत नाहीत, हे जीआरमध्ये आहे, फलकावर नाही. दोन घरं माझ्यासमोर त्यात अडकली. पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर ती माझ्याकडे अर्ज करायला आली होती.

अर्ध्या फीची जी योजना आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृह काढलं ते मुलगा गावातून येण्याच्या आधी. आणि बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अशी शिष्यवृत्ती दिली. न्यूयॉर्कला जा, फी भरा, पावती पाठवा, मंजूर झालं की बघू, असं बडोद्याच्या दरबाराने कळवलं असतं तर सुभेदारांच्या त्या मुलाने काय केलं असतं, याचा विचार मी अर्ज भरताना करतो. संस्थानाकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पोर्टल नव्हतं. पैसे महिन्याला जात होते.

ज्या माणसाचं वर सांगितलं, त्याने पैसे आल्यावर खाजगीवाल्याचं खातं मिटवलं. धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. मुलगा म्हणजे निम्मी फी, आणि ईबीसीत पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ, तर हा दुसरा, बसतो. परवा बाजाराच्या दिवशी तो येऊन माझ्या बाकावर बसला आणि विचारलं, "आत्ताच पन्नास हजार उचलून ठेवू का? पेरणीच्या तोंडावर तो शेकडा पाच मागतो."

मी त्याला थांबा म्हणालोय.

आपला,
एक महा ई-सेवा केंद्रचालक
जि. लातूर

ता. क. एक गोष्ट लपवणं बरं नाही. प्रत्येक 'सेंड बॅक'मागे मला पन्नास-साठ रुपये सुटतात. कॅपचा आणि फीचा अर्ज एक झाला तर माझ्या दुकानाचा जूनपासूनचा अर्धा धंदा जाईल. बायकोला हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिने पहिला तोच प्रश्न विचारला. पीकविमा आहे, म्हटलं.