एकच द्राक्ष, तीन मुलूख

नाशिक,
१८ फेब्रुवारी

प्रिय सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मार्चअखेरीस लंडनच्या घरी मित्रमंडळी जमवायची, दिवाळीत इथून नेलेल्या नाशिकच्या बाटल्या परदेशी वाइनच्या शेजारी उघडायच्या आणि शेवटी सर्वांनी गुण द्यायचे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. तुझ्या यादीला मात्र मी कात्री लावणार आहे. शिराझ, सॉव्हिन्यों, रिझलिंग, माल्बेक अशा जाती आणि तितकेच देश एका संध्याकाळी एकत्र आणलेस, तर मंडळींना मजा येईल, पण हाती काही लागणार नाही. जात आणि प्रदेश दोन्ही एकदम बदलले, की चवीतला फरक द्राक्षाचा, जमिनीचा की करणाऱ्याच्या हाताचा, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की ती संध्याकाळ एकट्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षासाठी राखून ठेव.

शेनिनच का, याला कारणे आहेत. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले; आज त्याची सर्वांत जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे; आणि आपल्या नाशिकच्या वाइनची घडी बसली तीही याच द्राक्षावर. सुला वाइनयार्ड्सने १९९७ मध्ये इथे जी पहिली वाइनची द्राक्षे लावली, त्यांत फ्रान्सची सॉव्हिन्यों ब्लाँ आणि कॅलिफोर्नियातून आणलेली शेनिन ब्लाँ होती, आणि त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. म्हणजे तुझ्या टेबलावर तीन मुलुखांची एकाच कुळातली भावंडे बसतील. शिवाय शेनिनला स्वतःचा असा उग्र, ओळखू येणारा गंध फारसा नसतो. ती जिथे वाढते तिथल्या हवेची आणि करणाऱ्याच्या स्वभावाची नक्कल फार इमानाने उतरवते. तुलना शिकायला याहून चांगले द्राक्ष माझ्या तरी माहितीत नाही.

शेनिन चाखताना धरून ठेवायची गोष्ट एकच, ती म्हणजे आम्लता. नवख्या माणसाचे लक्ष आधी गोडीकडे जाते आणि तो तिथेच अडकतो. युरोपीय संघाचे लेबलाचे नियम या बाबतीत मला फार शहाणे वाटतात. लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ‘सेक’, म्हणजे कोरडी. परंतु आम्लता पुरेशी असेल तर हीच मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत वाढते, अट एवढीच की टार्टारिक या द्राक्षातल्या मुख्य आम्लाच्या हिशेबात मोजलेली आम्लता साखरेपेक्षा २ ग्रॅमहून अधिक कमी नसावी. साखर ८ ग्रॅम असेल तर आम्लता निदान ६ ग्रॅम हवी. गोडी ही आंबटाच्या तुलनेतच मोजायची असते, हे तिथे कायद्यानेच मान्य केलेले आहे.

आता आम्लता ओळखायची कशी? घोट घे, तोंडभर फिरव, गीळ किंवा थुंकून टाक, आणि मग मान किंचित खाली घालून थांब. गालांच्या आतून, जबड्याच्या दोन्ही बाजूंनी किती लाळ सुटते आणि किती वेळ सुटत राहते, यावर लक्ष ठेव. जीभ साखरेने फसते, लाळ सहसा फसत नाही. दुसरी युक्ती नाकाची आहे. एक घोट नाक चिमटीत धरून घे. पिकलेल्या पेरूचा, अननसाचा वास आला की वाइन गोड आहे असे आपण मनाशी ठरवून टाकतो. नाक बंद झाले की तो वास बाजूला सरतो आणि जिभेवर खरोखर किती साखर आहे ते उघड होते. मग नाक सोड. सगळा सुवास एकदम परत येतो, आणि त्यातले किती नाकाचे आणि किती जिभेचे होते, याचा हिशेब ज्याचा त्याला लागतो.

ल्वारच्या दोन बाटल्या घे. तूर शहराच्या पूर्वेला वूव्रे आहे. तिथे ‘तुफो’ नावाचा मऊ, फिकट चुनखडक आहे. तो कोरून केलेल्या तळघरांत वाइन मुरत ठेवतात. एकाच गावची वाइन तिथे सेक, डेमी-सेक आणि म्वाल्यू, म्हणजे कोरडी, किंचित गोड आणि चांगलीच गोड अशा तिन्ही रूपांत मिळते, आणि कोणत्या वर्षी कोणते रूप जास्त होणार हे बव्हंशी त्या शरदातले ऊन ठरवते. तू डेमी-सेक आण. दुसरी बाटली आंजेजवळच्या साव्हेन्येरची असू दे; तिथे शिस्टचा, म्हणजे पापुद्र्यांचा खडक आहे आणि वाइन बहुधा कोरडी, कडक, शेवटी किंचित कडवट अशी असते. पहिल्या घोटाला ती कुणालाच आवडत नाही, आणि तिचा पेला भरलेला बाजूला ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा उचललास तर मंडळींपैकी निम्मे लोक मत बदलतील, असे मी पैजेवर सांगतो. या दोन्हींत सफरचंद, मध, आणि पावसात भिजलेली घोंगडी वाळत घातल्यावर येतो तसा लोकरीचा वास मिळाला, तर बाटली खराब आहे असे समजू नकोस. तो ल्वारच्या शेनिनचाच वास आहे. खराब बाटलीचा वास वेगळा, भिजून कुबट झालेल्या पुठ्ठ्याचा, आणि तो बुचातून येतो. जाणकार ल्वारच्या शेनिनबद्दल लिहिताना ‘क्विन्स’ या फळाचे नाव हटकून घेतात. ते आपल्याकडे येत नाही, पण तुझ्याकडच्या दुकानात त्याची घट्ट वडी मिळते. आदल्या दिवशी सर्वांना एकेक तुकडा चाखायला दे.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट निराळी. केप वसाहतीचा प्रमुख यान व्हान रिबेक याने आपल्या रोजनिशीत तिथल्या पहिल्या वाइनची नोंद २ फेब्रुवारी १६५९ रोजी केली आहे. शेनिन तिथे ‘स्टीन’ या नावाने नांदत होती, आणि स्टीन म्हणजेच शेनिन हे तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात नक्की केले. दीर्घकाळ तिचा बराचसा रस ब्रँडीच्या भट्टीत जात असे. कदर नव्हती, तरी वेली मात्र टिकल्या, आणि आज त्या म्हाताऱ्या वेलींचेच सोने झाले आहे. ३५ वर्षे किंवा त्याहून जुन्या बागेच्या वाइनला तिथे ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’चे प्रमाणपत्र मिळते आणि बाटलीवरच्या शिक्क्यात लागवडीचे वर्ष छापलेले असते. तिथल्या स्वार्टलँड भागातली, शक्य झाल्यास पार्डेबर्गच्या ग्रॅनाइट उतारावरची अशी एक बाटली शोध. तारेचा आधार नाही, ठिबक नाही, झुडपासारखी बुटकी वेल, फळ थोडे. त्यामुळे वाइन जाड अंगाची, पिकल्या पिवळ्या फळांची आणि तरीही शेवटी ताठ. जोडीला तिथल्याच स्टेलेनबॉश भागातली ओकच्या पिंपात मुरलेली एखादी ठेव, म्हणजे व्हॅनिला आणि भाजल्याचा वास द्राक्षाचा नसून लाकडाचा असतो, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नाशिकबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तुझ्या लंडनच्या मंडळींना सर्वांत कमी माहिती याचीच असेल आणि प्रश्न तुलाच विचारतील. आपल्याकडे वेलीला थंडीतली झोप नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. आणि पावसाळा ओसरला की गोडी छाटणी, ती फळासाठी. फळ जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत उतरते. गंमत अशी, की केपमध्येही तोडणीचे महिने जवळपास हेच, पण तिथे तो उन्हाळा असतो आणि समुद्रावरून येणारा आग्नेयेचा वारा द्राक्षाला थंड ठेवतो, तर आपल्याकडे हिवाळा सरत असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटेचा पारा पुष्कळदा १० अंशांखाली जातो आणि या थंड रात्रीच आम्लता राखतात. कारण द्राक्षातले मॅलिक आम्ल उष्णतेत वेल स्वतःच खर्च करून टाकते. ल्वारमध्ये साखर भरेल की नाही ही काळजी, आपल्याकडे आंबट टिकेल की नाही ही काळजी.

परवाच दिंडोरीच्या बाजूला एका बागेत गेलो होतो. शेजारचा प्लॉट थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षाचा, विरळणी केलेला, जीए हे वाढीचे संजीवक देऊन फुगवलेला. मणी सुपारीएवढे आणि घड सुटसुटीत. त्याला लागून शेनिन, बारीक मणी, घड इतके दाट की मण्यांमध्ये टाचणी जाऊ नये. बागायतदाराने तीन ओळींतून मणी गोळा केले, रुमालात पिळले आणि रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला. ब्रिक्स, म्हणजे साखरेचे माप, २१ च्या वर होते. तरीही त्याने एक मणी दाताखाली फोडला, बी थुंकून तळहातावर घेतली, ती तपकिरी झाली आहे का ते पाहिले, आणि मग म्हणाला, “अजून दोन दिवस. आंबट आहे तोवर घाई नको, आंबट गेल्यावर थांबून उपयोग नाही.” चाखण्याचे सगळे शास्त्र त्या वाक्यात आले, असे मला वाटले.

ही द्राक्षे पुढे थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवतात आणि पुष्कळदा थोडी साखर राहू देतात. सुलाची शेनिन अशीच, किंचित गोडसर आहे. कमी तापमानात आंबवल्याने पेरू, अननस, कधी केळ्याचा वास उठतो. तो पहिल्या वर्ष-दीड वर्षात ताजा असतो, मग विरतो. म्हणून तुझ्या बाटल्यांवरचे साल पाहा, आणि जुनी निघाली तर तिच्यावरून नाशिकचा निवाडा करू नका.

इथेच गुणांचा प्रश्न येतो. अमेरिकन वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी रूढ केलेली शंभर गुणांची पद्धत मुळात पन्नासापासून सुरू होते: रंगाला ५, गंधाला १५, चव आणि मागे रेंगाळणाऱ्या स्वादाला २०, आणि एकूण दर्जा व पुढे मुरण्याची ताकद यांना १०. या शेवटच्या दहांत नाशिकची शेनिन पहिल्यांदाच मागे पडते, कारण ती मुरण्यासाठी केलेलीच नसते. उलट १९४७ सालच्या वूव्रेचे नाव जाणकार आजही आदराने घेतात. लवकर पिण्यासाठी केलेल्या वाइनला ती टिकत नाही म्हणून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. त्याच वेळी, आपली आहे म्हणून तिला झुकते माप देणेही तितकेच चुकीचे. साखर वर आणि आम्लता खाली असलेली बाटली चिकट लागते, मग ती दिंडोरीची असो की वूव्रेची, आणि तसे कागदावर लिहावे. तेव्हा माझी सूचना अशी, की प्रत्येकाने आधी तीनच गोष्टी लिहाव्यात: लाळ किती वेळ सुटली, साखर आणि आंबट यांपैकी शेवटी कोण उरले, आणि गिळल्यावर चव किती वेळ राहिली. आकडा अगदी शेवटी, आणि तोही ज्याला द्यावासा वाटेल त्यानेच.

बाटल्या कागदात गुंडाळून, क्रमांक घालूनच ओत. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने भरवलेल्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिले क्रमांक दिले, हे तुला ठाऊक आहेच. त्याहून बोलका प्रयोग बोर्दोचा, २००१ साली प्रसिद्ध झालेला: वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन तांबडा रंग घालून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळा एवढा मध्ये येतो, तर लेबल आणि किंमत किती येत असतील याचा विचार कर.

बाकी व्यवस्था साधी आहे. फ्रिजमधून बाटल्या अर्धा तास आधी बाहेर काढ. १० ते १२ अंश पुरे, त्याहून गार वाइनला वास राहत नाही. पेला वर निमुळता असावा आणि एका वेळी ५० मिलीच ओतावी, म्हणजे एका बाटलीत पंधरा जणांचे भागते. साव्हेन्येर, स्वार्टलँड, स्टेलेनबॉश, नाशिक, आणि मग डेमी-सेक वूव्रे हा क्रम ठेव. मध्ये पाणी आणि साधा पाव असावा. चिवडा, फरसाण आणि वहिनींची कोथिंबीर वडी मात्र नोंदी संपेपर्यंत स्वयंपाकघरातच राहू देत, कारण तिखटाने जीभ भाजली की आम्लता कळत नाही.

आणि जमल्यास शेवटी गोडाची एक जोडी कर: सुलाची लेट हार्व्हेस्ट शेनिन आणि ल्वारच्या लेयों उपनदीकाठची कोतो द्यु लेयों. तिथे सकाळच्या धुक्यात द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी चढते, मणी सुकून रस आटतो आणि लोक तिची वाट पाहत बसतात. आपला बागायतदार बुरशीचा ठिपका दिसताच पंप पाठीवर घेतो. दोन्ही गोड, पण लेयोंच्या गोडीखाली आम्लतेचा कणा जास्त ताठ असेल, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरतो का, ते झाकलेल्या बाटलीवरच कळवायचे. सर्वांचे नोंदींचे कागद बेरीज न करता, जसेच्या तसे फोटो काढून मला पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश