सामान बघायला कुणी थांबणार नाही

बॉथेल, २ मार्च

ती. बाबा आणि आई यांना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे ठीक आहोत. हे फोनवर बोलायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणाले आणि आई भडंगावर आली. पत्राचं तसं करता येत नाही. आई, तू मोठ्यानं वाच. बाबा मधेच चष्मा शोधायला उठतील, उठू देऊ नकोस.

अलास्काच्या जहाजाची तिकिटं आता रद्द होत नाहीत असं दादानं तुम्हाला सांगितलंय. ते खरं नाही. १५ तारखेपर्यंत होतात. पण मी करणार नाहीये. आणि खुर्ची घेतलीय. व्हीलचेअर. गेल्या शनिवारी घेतली, गॅरेजमध्ये उभी आहे. लिहून टाकलं एकदाचं.

बाबा, लगेच पान मिटू नका. तुम्हाला चालता येत नाही असं कुणीही म्हणत नाहीये. कट्ट्यापर्यंत रोज जाता, मला माहितीये. पण कट्ट्यापर्यंत जाऊन तुम्ही बसता, आणि परत येताना वाण्याच्या दुकानात पुन्हा बसता, हेही मला माहितीये (वाण्यानं नाही सांगितलं, आईनं सांगितलं). जहाजातला एकेक पॅसेज आपल्या गल्लीपेक्षा लांब असतो. नाश्त्याला जाऊन खोलीवर परत येईपर्यंतच तुमचा दिवसाचा कोटा संपेल, मग बंदरावर उतरून बघणार काय? चालायचं ते बघण्यासाठी राखून ठेवायचं, एवढाच हिशोब आहे.

खरं कारण मात्र अजिंठा आहे. आम्ही सगळे वर गेलो आणि तुम्ही "जा तुम्ही, मी सामान बघतो, माझं बघून झालंय" म्हणून खाली चहाच्या टपरीवर बसलात. तीन तास. डोलीवाले समोर उभे होते, त्यांना तुम्हीच हात हलवून घालवलंत. मी वर पद्मपाणीचे फोटो काढत होते. परत आल्यावर आई सहज बोलून गेली की तुम्ही अजिंठा कधीच पाहिलेला नाही. चौतीस वर्षं रेल्वेचा पास असून नाही. मला ते अजून पचलेलं नाही. त्यामुळे या वेळी सगळं उलट्या बाजूनं ठरवलंय: आधी तुम्हाला दोघांना काय जमेल ते धरलं आणि उरलेल्या सात जणांना त्यात बसवलं.

आधी ग्रीसचं बघत होते. आईला ते पांढऱ्या घरांचं गाव आवडलं होतं ना, सँटोरिनी. पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं आणि लहान बोटीनं न्यायला येतात. घारापुरीच्या लाँचमध्ये पाय टाकताना आईनं त्या माणसाचा शर्ट कसा धरला होता, आठवतंय ना? पुढे वर जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या. सोडून दिलं. अलास्काची ही फेरी निवडली कारण हिच्यात प्रत्येक ठिकाणी जहाज थेट धक्क्याला लागतं. निसर्ग वगैरे नंतर आला.

आता स्कॅगवे बंदराचं. हे बाबांसाठी लिहितेय, आई, तू भाजीला फोडणी देऊन ये हवं तर.

बाबा, तिथे नॅरोगेज रेल्वे आहे. तीन फुटी, म्हणजे आपल्या बार्शी लाइटपेक्षा सहा इंच जास्त. १८९७ साली पलीकडे कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बोंब झाली आणि लोक खेचरं घेऊन स्कॅगवेजवळच्या खिंडीतून निघाले. त्याच वर्षी आपल्याकडे बार्शी लाइटची पहिली गाडी धावली, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. या रेल्वेवाल्यांनी मे १८९८ मध्ये काम सुरू केलं आणि जुलै १९०० मध्ये लाइन पुरी केली. बर्फात, हातानं सुरुंग भरून. ३२ किलोमीटरमध्ये साधारण पावणेनऊशे मीटर चढते. आणि चढ किती माहितीये? ३.९ टक्के. मी भागाकार केला: २६ला १, म्हणजे २६ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तुमचा लाडका बोरघाट ३७ला १. आता झोप लागते का बघा.

या गाडीत कुठेही उतरायचं नाही. खिंडीच्या माथ्यापर्यंत जाते आणि तशीच परत येते, तीन तासांच्या आत. खुर्चीसकट आत घेणारी लिफ्ट असलेले डबे आहेत, आधी सांगावं लागतं, मी सांगून ठेवलंय आणि मेलचं उत्तरही छापून ठेवलंय. आणि आई, प्रत्येक डब्यात संडास आहे. हे मी सगळ्यात आधी विचारलं. त्यामुळे आदल्या रात्रीपासून पाणी बंद करण्याचा तुझा तो उद्योग इथे करायचा नाही. गेल्या वेळी विमानात केलास आणि उतरल्यावर काय झालं ते मी काढत नाही.

मला एकदा तुम्ही पंढरपूरच्या गाडीत गार्डच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसवून नेलं होतं, तुमच्या लाइन बॉक्सवर, त्या सामानाच्या पेटीवर. नियमात बसत नव्हतं म्हणून ढालगाव येईस्तोवर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, जणू मी तिथे नाहीच. मग खिशातून शेंगदाण्याची वडी काढून न बघताच माझ्याकडे सरकवलीत. स्कॅगवेच्या गाडीत मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसणार आहे, दादा नाही. त्याच्याशी भांडून घेतलंय.

आता जुनो बंदर. इथे एक गोष्ट मी रद्द केली आहे आणि ती तुम्हाला लागणार, म्हणून चार दिवस हे पान अडलं होतं. हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरायचं होतं ते. टीव्हीवर बघून तुम्ही म्हणाला होतात, "एकदा त्या बर्फावर पाय ठेवला की बास." बुटांना काटे बांधून उताराच्या बर्फावर उभं राहायचं असतं, बाबा. मांडीत रॉड आहे, उजवा गुडघा तसाच आहे. मी डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे मला ठाऊक होतं आणि मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. निर्णय माझा आहे. राग काढायचा तर माझ्यावर काढा, आईवर नको.

त्याऐवजी मेंडेनहॉल हिमनदी. गावापासून वीसेक किलोमीटर, लिफ्टवाल्या बसनं. तिथे काचेच्या भिंतीचं केंद्र आहे, आतून उबेत बसून बर्फ दिसतो, आणि बाहेर अर्धा किलोमीटरची पक्की, सपाट वाट आहे तळ्याच्या काठाला. ती तुम्ही काठी घेऊन चालायची. खुर्ची मागून रिकामी येईल. दमलात तर आहे, नाहीतर त्यावर आईची पर्स. दादा, वहिनी आणि पोरं त्या वेळी देवमासे बघायला बोटीवर जातील. तो धक्का ओहोटीला फार उतरता होतो, म्हणून तुम्हाला त्यात धरलं नाही. जुनोला भरती-ओहोटीत पाणी पाच मीटर खाली-वर होतं. म्हणजे आपण सकाळी जहाजातून ज्या उतारावरून गेलो तो दुपारी तसाच राहत नाही. मी त्या दिवसाचं कोष्टक काढून ठेवलंय, पाणी वर असतानाच परतायचं. संध्याकाळी जमलं तर धक्क्याशेजारूनच रोपवे आहे, बसल्या जागेवरून साडेपाचशे मीटर वर. नाही जमलं तर नाही.

ग्लेशियर बेच्या दिवशी कुणीच उतरत नाही, त्या दिवशी नऊच्या नऊ जण सारखेच. रेंजर लोक जहाजावर येऊन माहिती सांगतात. जहाज बर्फाच्या भिंतीसमोर थांबतं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कनीतून दिसतं. आई, कानटोपी घालायची. फोटोत कशी दिसते हा प्रश्न नाही.

केचिकनचं काहीच ठरवलेलं नाही. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोसळत असेल तर जहाजावर भजी मागू, उघडीप असेल तर टोटेमचे कोरीव खांब बघू. व्हिक्टोरियाला जहाज संध्याकाळी लागतं आणि रात्रीच सुटतं. "मग त्या चार तासांसाठी मला कॅनडाच्या व्हिसाचे ठसे द्यायला पुण्याला का पळवलंत" असं आई विचारतेय. कारण अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजानं नुसती अमेरिकेतली बंदरं करून माणसं परत आणायची नाहीत, मधे दुसरा देश लागायला हवा. बाबांच्या नियमपुस्तकासारखं आहे, कुणाला का ते विचारायचं नाही.

खोलीचं सांगायचं राहिलं. बाथरूमला उंबरा नाही. नेहमीच्या खोल्यांना असतो, म्हणून ही वेगळी मागितली. नहाणीत बसायला घडीची सीट आहे, धरायला दांडे आहेत, फरशी सपाट आहे. बाबा पडले त्या ऑक्टोबरनंतर मला बाथरूम सोडून दुसरं काही सुचतच नाही. वरणभात मिळेल, सांगून ठेवलंय. त्यांचं वरण म्हणजे सूप असेल हे धरून चला. मेतकूट आणि भडंग बाजारचं, सीलबंद आणायचं. डब्यातलं घरचं चालत नाही. आणि आई, नाश्त्याचं केळं रुमालात गुंडाळून बंदरावर न्यायचं नाही, तिथे पकडतात. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाला मावळतो. तुझी दिवेलागण घड्याळावर कर, नाहीतर सगळ्यांना उपाशी ठेवशील.

औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पंधरा दिवसांची जास्तीची. जुन्या दुखण्यांसकट विमा काढलाय, किती पडला ते विचारू नका. बाबांचे नवे बूट आत्ताच घ्या आणि घरात घालून सैल करून घ्या, तिकडे येऊन फोड नकोत. एप्रिलमध्ये शुगर तपासून मला आकडा कळवायचा. खरा आकडा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावायचं, अलास्का आमच्या सिॲटलच्या एक तास मागे आहे. आपण जहाजाकडूनच सहली घेतल्यात, महाग पडल्या, पण त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपलं आपण गेलो असतो तर थांबलं नसतं.

खुर्चीत मी स्वतः बसून पाहिलं. निखिलनं मला दुकानापर्यंत ढकलत नेलं. फरशीचा प्रत्येक सांधा कमरेत लागतो, म्हणून जाड गादी मागवलीय. पण जास्त लागलं ते दुसरंच. काउंटरवरच्या मुलीनं मला काय हवं ते निखिलला विचारलं. मी तिच्यासमोर बसलेली. आणि निखिलनं बोलता बोलता मला न सांगता खुर्ची वळवली, तेव्हा मी चक्क ओरडले त्याच्यावर.

त्यामुळे घरात एक नियम केलाय. कबीरनं केलाय खरं तर, तुमचा गणवेशातला फोटो त्याच्या खोलीत आहे ना, त्यावरून. गार्डनं शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. खुर्चीला हात लावणाऱ्यानं मागे उभं राहायचं आणि वाट बघायची. उतारावर खुर्ची उलटी न्यायची असते, तेव्हाही तुम्ही हो म्हटल्यावरच. गेला आठवडाभर तो ईराला त्यात बसवून सराव करतोय आणि तोंडानं शिट्टी वाजवतोय. ती ऐकवत नाही.

तुमची शिट्टी लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, पासबुकांच्या मागे आहे. मोठ्या बॅगेत टाकू नका. खिशात ठेवा.

तुमची,
चिमी

ता. क. आई, बाबा उठून गेले असतील तर हेलिकॉप्टरचा परिच्छेद पुन्हा वाचू नकोस. चहा दे आणि २६ला १ वाला वाच.