गळ टाकणाऱ्या पर्यटकांनाही नियम सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की सांगली-मिरजेच्या गाड्या गगनबावड्यातून नाहीतर फोंडा घाटातून मालवणला उतरतात. हल्ली अनेकांच्या डिकीत रॉड आणि रीळही असतं. गरवण्याच्या, म्हणजे गळानं मासे पकडण्याच्या छंदात वाईट काही नाही. आपल्याकडे वारणाकाठी गळ टाकून बसणारे पूर्वापार आहेतच. पण मालवणच्या किनाऱ्यालगतचं सुमारे २९ चौ. किमी क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारचा पद्मगड तर त्याच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे सर्वात जपायच्या भागात येतात. किल्ला बघायला होडीत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय अभयारण्यातून वन्यजीव नेता येत नाही, आणि मासाही त्यात मोडतो. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छिमारांच्या उपजीविकेला धक्का लागू नये, असंही हाच कायदा बजावतो. ते योग्यच आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. शनिवार-रविवारच्या पाहुण्याला मात्र अशी सवलत कुठेच दिलेली नाही.

‘एलईडी दिव्यांच्या झोतानं मासे गोळा करून समुद्र ओरबाडणाऱ्यांना सोडून आमच्या एका गळाच्या मागे का लागता?’ असं कुणी विचारेल. राग रास्त आहे. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे आणि ती कडकपणे राबवायलाच हवी. पण बोटीला नोंदणी क्रमांक असतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. खडकावर उभ्या असलेल्या हौशी माणसाची नोंद कुणाकडे असते? राज्यानं २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. तो या माणसापर्यंत कोण पोचवणार? खडकात अडकून तुटलेली नायलॉनची दोरी तो तशीच सोडून येतो, ते वेगळंच.

ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या नकाशावर रंगांचे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद, पिवळ्यात माणशी एकच दोरी आणि तिला एकच गळ. शाळकरी पोरालाही कळेल इतकं सोपं! आपल्याकडे कायदा आहे, पण तो राजपत्रात. जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नाही.

वन आणि मत्स्यव्यवसाय विभागानं मालवण जेट्टीवर ठळक मराठीत नकाशासह फलक लावावा. गाभा क्षेत्र कुठून कुठपर्यंत, कोणते मासे लागले तर लगेच सोडायचे, हे त्यावर असावं. आपल्या भागात रॉड विकणाऱ्या दुकानदारांनीही त्याची छापील प्रत गिऱ्हाइकाला द्यावी, फार खर्च नाही त्याला. आणि पुढेमागे हौशी मासेमारीला परवानगी द्यायचीच झाली, तर ती गाभा क्षेत्राबाहेर आणि स्थानिक मच्छिमाराच्या होडीतूनच द्यावी. कुठला मासा ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे त्याला कळतं, शिवाय भाड्याचे चार पैसेही त्याच्याच घरात जातील.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली